थॉर्नबेकचं मागचं दार

आपल्या गावाचं वेड कुणाला नसतं? पण जे गाव आपलं कधी नव्हतंच, त्याच्यासाठी जन्मभर झुरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तोही भेटला मिनेसोटात. त्र्याण्णव साली आम्ही ईडन प्रेरीत राहायला आलो, तेव्हा आमच्यापासून चार घरं पलीकडे हे काका एकटेच राहत. मूळचे कोल्हापूरचे, पेशाने इंजिनियर, पंचावन्नच्या आसपासचे, लग्न न केलेले. वडील डॉक्टर. त्यांना इंग्लंडमध्ये यॉर्कशायरातल्या थॉर्नबेक नावाच्या गिरणगावात नोकरी मिळाली, तेव्हा काका सहा वर्षांचे होते, आणि बाराव्या वर्षी सगळं बिऱ्हाड कोल्हापूरला परत आलं. म्हणजे थॉर्नबेकचा मुक्काम सहा वर्षांचा. कोल्हापूर, मुंबई आणि अमेरिका मिळून बाकीचं सगळं आयुष्य. पण कुणी ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं, की काका बेधडक ‘थॉर्नबेकचा’ म्हणून सांगत. त्यामुळे अख्ख्या मराठी मंडळात त्यांचं नाव थॉर्नबेककाका पडलं होतं.

त्यांना पत्ता विचारणं म्हणजे संकट ओढवून घेणं. इंडियन ग्रोसरीचं नवं दुकान कुठे, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर म्हणाले, “सोपं आहे. समज आमच्या चर्चपासून तू कोळसेवाल्याच्या वखारीकडे निघालास...” मी निमूटपणे समजत गेलो आणि तासाभराने भलत्याच हायवेला लागलो. थंडीचंही तेच. पारा शून्याखाली तीसवर गेलेला, नाकातला श्वास गोठतोय, आणि काका ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता म्हणत, “ही कसली थंडी? कोरडी! थॉर्नबेकची थंडी ओली असते. हाडांत मुरते.” असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर माहेरच्या पुरणपोळीची आठवण काढणाऱ्या बाईसारखं समाधान असे. मंडळाच्या दिवाळीत ‘माझं बालपण’ असा कार्यक्रम ठेवला होता. कुणी कैऱ्या पाडल्या, कुणी विहिरीत उड्या मारल्या. काकांनी मात्र युद्धानंतरच्या रेशनिंगवर, गोळ्यांच्या दुकानातल्या बरण्यांच्या क्रमावर आणि गिरणीच्या भोंग्यांच्या वेळांवर पाऊण तास घेतला. लोक एकेक करून चहाला उठून गेले. शेवटी समोर मी, माझी बायको मंजिरी आणि झोपलेली आमची मुलगी उरलो. काका न डगमगता म्हणाले, “आता नदीकाठ घेऊ.”

त्यांची आणखी एक खोड मंजिरीच्या फार आवडीची होती. कुणाचंही भांडं काका रिकामं परत करत नसत. आता हे आपल्याकडे सगळ्यांच्याच आया शिकवतात, चिमूटभर साखर तरी घालून द्यावी म्हणून. पण काकांच्या घरात साखर असेलच असं नाही, आणि नेम तर मोडायचा नाही. त्यामुळे आम्ही पाठवलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा डबा परत येताना त्यात कधी ट्यूलिपचे पाच कांदे, कधी टॉर्चचे दोन सेल, कधी अंगणातल्या रूबार्बचे तांबडे आंबट देठ. हे देठ आमटीत चिंचेऐवजी घालायचे, असा त्यांचा आग्रह. “आई घालायची,” म्हणायचे. आईबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं जवळजवळ तेवढंच. ती चार वर्षांपूर्वी कोल्हापुरात गेली होती, आणि काका पोचले ते तेराव्याला.

ओळख मुरल्यावर त्यांनी मला एकदा बेसमेंटमध्ये नेलं. ऑफिसातल्या प्रिंटरचे कडेला भोकं असलेले लांबलचक कागद जोडून त्यांनी भिंतभर थॉर्नबेकचा नकाशा काढला होता. प्रत्येक रस्ता, प्रत्येक घर, दाराचा रंग आणि आत राहणाऱ्यांची नावं. न्हाव्याच्या दारातलं कुत्रंसुद्धा होतं. शेजारी टाइप केलेली साठ पानं. थॉर्नबेकची स्थानिक इतिहास मंडळी गावच्या बालपणाच्या आठवणींचं पुस्तक काढणार होती, त्यासाठी काकांनी ती लिहिली होती. मी तिथेच बसून वाचली. शाळेतल्या बाईंच्या कोटाला किती बटणं होती तेही त्यात होतं. आईबद्दल मात्र एकच ओळ सापडली, ‘माझी आई घरी असे.’

पानं पाठवल्यावर इतिहास मंडळींच्या चिटणिसांचं उत्तर आलं, ते काका घेऊन धावत आमच्याकडे आले. तपशील थक्क करणारे आहेत, गावातल्या जुन्या लोकांनाही एवढं ठाऊक नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे असं, की डॉक्टरांचा मुलगा कुणाला आठवतो का, हे आम्ही गावच्या पत्रकात छापून विचारतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आठवणी शेजारी शेजारी देता येतील. काकांनी पत्राची घडी पुन्हा उघडली. “अरे, कुणीतरी हो म्हणायला हवं,” ते म्हणाले, “नाहीतर मी तिथे होतो याला पुरावा काय?” मी जरा फटकळच आहे. म्हटलं, “काका, चाळीस वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतंय?” मंजिरीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. काका म्हणाले, “मी ठेवलंय ना. सगळ्यांना.”

त्यानंतर काकांचा दिवस टपालपेटीभोवती फिरू लागला. पोस्टमन दुपारी यायचा, पण शनिवारी काका सकाळपासूनच टोपी घालून पेटीशी उभे. वरवर बर्फ झाडायला उभे असायचे, पण झाडायचे तेवढीच दोन फूट जागा. पूर्ण हिवाळा गेला. विचारायची सोय नव्हती आणि न विचारणंही बरं दिसेना. मार्चच्या शेवटी चिटणिसांकडून एक पार्सल आलं. ते घरी एकट्याने उघडवेना, म्हणून काका आमच्याकडे घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून नुसतेच बसून राहिले. शेवटी आमची आठ वर्षांची अदिती म्हणाली, “काका, जस्ट ओपन इट!”

आत झाकणाचा एक पितळी डबा होता. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतात, तसं त्यावर होतं. मंजिरीने खिडकीशी नेऊन वाचायचा प्रयत्न केला. सौ. इं, मग सगळं झिजलेलं, आणि शेवटी नुसतं बाई. “इंदिराबाई,” काका म्हणाले. “आईचा आहे.” सोबतचं पत्र त्यांनी वाचायला माझ्याकडे दिलं. चष्मा होता त्यांच्याकडे, नाकावरच होता.

पत्र त्यांच्या घरामागे राहणाऱ्या एका बाईंचं होतं, आता ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, की डॉक्टरांच्या मुलाबद्दल विचारलंत, पण क्षमा करा, मला तो आठवत नाही. एक मूल होतं खरं, मुलगी होती का? पण त्याच्या आईला मी कशी विसरेन? त्या पहिल्यांदा मागच्या कुंपणाशी आल्या, तेव्हा मी त्यांना वाडगाभर रूबार्ब दिला. दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला तो तिखट पिवळ्या काड्यांनी भरून. मग मलाही तो रिकामा पाठवणं बरं वाटेना. असं सहा वर्षं चाललं, कधी माझा वाडगा, कधी त्यांचा हा डबा. साखर रेशनवर होती, तरी त्या लाडू करून पाठवत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्याच वर्षी माझे यजमान गेले होते, त्यामुळे मलाही बोलावंसं वाटत नसे. मूल शाळेत गेलं की त्या मागच्या दाराने येत आणि माझ्या चुलीपाशी बसत. त्या रडल्या तर मी चहा करी, मी रडले तर त्या करीत. त्यांनी गाव सोडलं त्या दिवशी डबा माझ्याकडे होता, पाळी माझी होती. केक भट्टीतून निघायला उशीर झाला. मी धावत आले, पण गाडी निघून गेली होती. या डब्यावरची नक्षी मी दर शनिवारी घासते, त्यामुळे थोडी पुसट झाली आहे. उशिराबद्दल माफ करा.

डब्यात आल्याचा केक होता. मग काका अगदी हळू म्हणाले, “आई नऊवारीवर ओव्हरकोट घालून शाळेच्या फाटकाशी यायची. पोरं हसायची. मी तिला सांगितलं, येत जाऊ नकोस. पुढच्या रस्त्यावर दिसूच नकोस म्हणालो. सात वर्षांचा होतो.” मग म्हणाले, “ती पुन्हा कधी पुढच्या दाराने बाहेर पडली नाही. मी अख्खा गाव काढला रे, पण सगळी पुढची दारं काढली.” मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि माझ्या फटकळपणाची लाज वाटली.

आता पाळी काकांची होती. डब्यात काय भरायचं यावर त्यांनी महिनाभर डोकं पिकवलं. अखेर मंजिरीकडून बेसनाचे लाडू शिकले. तीन घाणे करपले, चौथा बसला. “हात थांबवू नका काका,” मंजिरी ओरडत होती, “बेसनाला सोडून कुठे थॉर्नबेकला जाताय?” डबा गेला, जूनमध्ये बिस्किटं घेऊन परत आला. पुन्हा लाडू गेले, पुन्हा केक आला. काकांनी नकाशाला मागच्या बाजूने नवे कागद जोडले आणि त्यावर कुंपणं, अंगणं, चुली काढायला घेतल्या. न आठवलेलं त्या बाईंना पत्राने विचारत. पुस्तकातही त्या साठ पानांतलं काही आलं नाही, छापली गेली ती नव्याने लिहिलेली दोनच पानं, या डब्याची. डॉक्टरांचा मुलगा म्हणून कुणालाच ते आठवले नव्हते, पण इंदिराबाईंचा मुलगा म्हणून ते पुस्तकात आले.

पुढच्या वर्षी लाडू गेले आणि डबा आला नाही. चिटणिसांचं पत्र आलं. बाई गेल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डबा सापडला, घासून ठेवलेला, तो परत पाठवू का, असं विचारलं होतं. काकांनी उत्तर लिहिलं, ते मला दाखवलं. दोनच वाक्यं होती. ‘रिकामा पाठवू नका. तिथेच राहू द्या.’ तरीही शनिवारी सकाळी टोपी घालून ते पेटीशी उभे दिसत, आणि मी गाडीतून जाताना हात केला, की पुन्हा बर्फ झाडायला लागत.

नव्व्याण्णव साली मला पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलला नोकरी मिळाली आणि आम्ही ईडन प्रेरी सोडलं. सामान बांधताना मंजिरीने पुलाव केला आणि आमचा सगळ्यात चांगला डबा भरून काकांकडे नेऊन दिला. मी म्हटलं, अगं, परवा निघायचंय, तो परत कधी मिळणार? तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा खोकी बांधायला लागलो. अजून दर रविवारी काकांचा फोन येतो. “अरे, तुमचा डबा राहिलाय माझ्याकडे. काय भरावं ते ठरत नाही.” मी म्हणतो, “काका, सावकाश ठरवा. पाळी तुमचीच आहे, आमच्या लक्षात आहे.”