निळ्या दारावरचे फुलकिडे

तामोच्या गुलाबाच्या कळ्या यंदा फुलायचं नाव घेईनात. कडा तपकिरी, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि बघता बघता कळी देठावरच वाळून जायची. झाड तिच्या नवऱ्यानं, मफद्दलनं लावलेलं. पक्षाघातानं त्याचं अर्धं अंग आणि सगळी वाचा गेली, तेव्हापासून तो खिडकीशी पडून दिवसभर त्या झाडाकडे बघायचा. दुसरं उरलंच होतं काय बिचाऱ्याला?

"दृष्ट लागली गं," शेजारीण रहिमो म्हणाली. "उपटून टाक ते, नाहीतर माझीही झाडं जातील."

"दृष्टीला पाय असतात होय? रोज एका कळीवरून दुसरीवर चाललीय ती!" तामो फणकारली. "शोधून काढल्याशिवाय मी राहायची नाही."

साबणाचं पाणी मारून झालं, राख टाकून झाली. पण हार मानेल तर ती तामो कसली! मावा असता तर पानं चिकट झाली असती, कोळी असता तर जाळं दिसलं असतं. दोन्ही नव्हतं.

रमजान तोंडावर आला, तसं मोरोक्कोतल्या त्या निळ्या गावाबरोबर, सगळ्या शेफशाऊनबरोबर, तिनंही आपलं दार निळं रंगवलं. सकाळी बघते तर ओल्या रंगावर बारीक कुसळं चिकटलेली. "मेली धूळ!" म्हणत ती नखानं खरवडायला गेली, तर त्या धुळीनं पाय झाडले.

तामोनं मफद्दलचा वाचायचा चष्मा पळवला, एक कळी तोडली आणि पांढऱ्या बशीवर आपटली. तस्सेच पिवळट जीव बशीत तुरुतुरु पळायला लागले. फुलकिडे! दारावर आले ते निळ्या रंगाला भुलून. एरवी कळीच्या पोटात दडून बसलेले. साबणाचं पाणी तिथवर पोचणार कसं? झाड वाचवायचं तर कळ्याच काढायला हव्यात, एकूण एक.

तिनं कात्री उचलली. पहिली कळी पडली आणि खिडकीचं तावदान धाडधाड वाजायला लागलं. मफद्दल चांगल्या हातानं काच बडवत होता, डोळे रागानं लाल.

"बडवा! फोडा काच! मी थांबायची नाही," तामो रडत रडत कापत राहिली. आवाज ऐकून आलेली रहिमो कापलेल्या कळ्यांसाठी पिशवी धरून उभी राहिली; दृष्टीचं नावही काढलं नाही तिनं, हे आक्रीतच म्हणायचं.

मग तामो आत गेली. चष्मा त्याच्या नाकावर चढवला, बशी पुढे धरली. "हे बघा तुमच्या झाडाचे मारेकरी."

तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्यानं बाहेर बोट दाखवलं. भिंतीलगत, पानांआड एक कळी शिल्लक होती. तामोनंच ठेवली होती, त्याच्यासाठी.

"एवढी एक राहू द्या की हो," ती म्हणाली.

त्यानं नकारार्थी मान हलवली, आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली.