दोन बरण्या मरायला हव्या होत्या

आठवीला मी विज्ञान शिकवते. ग्रहावर जीव कशामुळे टिकतो, असं विचारलं की दरवर्षी वर्ग एकच उत्तर देतो : पाणी. आमचं गाव हिवरे बाजारापासून फार लांब नाही. इथेही ग्रामसभेत आधी पावसाचं माप वाचतात, मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरतं. त्यामुळे पाण्यापुढे मुलांना काही सुचत नाही. सूर्यापासूनचं अंतर, हवेचं पांघरूण, ऊब, हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ.

म्हणून त्या वर्षी मी लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या घेतल्या. तिन्हींत सारखी माती, सारखं पाणी, चिमूटभर मेथी. कोंब वर आल्यावर झाकणं लावली. एक बरणी गोठ्याच्या पत्र्यावर ठेवली. तो शुक्र. डिसेंबरातही आमचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. दुसरी फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. तो मंगळ. मंगळावर एवढा अंधार नसतो हे मला माहीत आहे, पण घरात तेवढं थंड दुसरं काही नव्हतं. तिसरी स्वयंपाकघराच्या खिडकीत. ती पृथ्वी. दोन आठवड्यांनी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. तोवर पृथ्वीने हिरवं राहायचं आणि बाकी दोघांनी मरायचं, असं ठरलं.

हेडमास्तरांना हे पटलं नव्हतं. आमची शाळा दरवर्षी ज्वालामुखी नेते. खाण्याचा सोडा आणि लाल रंग घातला की तो फसफसतो.

"मॅडम, परीक्षक मेथी बघायला थांबतील का?"

"मेलेली बघायला थांबतील," मी म्हणाले. "नंबर नाही आला तर पुढच्या वर्षीचा ज्वालामुखी मी स्वतः रंगवीन."

असं बोलायची काही गरज नव्हती.

चौथ्या दिवशी शुक्र हिरवा. आठव्या दिवशी मंगळही हिरवा, पृथ्वीपेक्षा चार पानं जास्तच. मी फ्रीजचं बटण वाढवलं. दूध गोठलं, मेथी नाही. पाठ्यपुस्तक पुन्हा वाचलं. त्यात चूक सापडली नाही.

प्रदर्शन सोमवारी होतं. आदल्या शुक्रवारी घसा बसला म्हणून मी दुपारीच घरी आले. ओसरीवर, सावलीत, तिन्ही बरण्या रांगेत होत्या. झाकणं उघडी. सासूबाई पाहुण्यांच्या पेल्यातलं उरलेलं पाणी थोडं थोडं एकेकीत ओतत होत्या. आमच्या घरात पेल्यात उरलेलं पाणी मोरीत जात नाही, जवळच्या झाडाला जातं. ही शिस्त त्यांचीच. लग्नानंतर मी पहिली बोलणी खाल्ली ती यावरूनच.

"आत्या, हे काय चाललंय?"

"पानी पाजतीय. दिसत न्हाई व्हय?"

"रोज?"

"तू शाळंत गेलीस की काढते, यायच्या आधी जागच्या जागी ठिवते. त्या फ्रीजातल्याला लई गारठा हाय."

"अहो, त्यातल्या दोन मी मरायला ठेवल्यात."

"मंग तसं सांगायचं." त्यांनी पेला उपडा करून शेवटचा थेंब मंगळावर झटकला. "सांगितलं असतंस तरी पाजलंच असतं म्हना."

आता अडीच दिवसांत दोन बरण्या मारायच्या होत्या. नवरा म्हणाला, "गोठ्यात तणनाशक पडलंय की." मी त्यावर नीट विचार केला. पण तणनाशकाने पानं पिवळी पडायला आठवडा जातो. उकळतं पाणी लगेच काम करतं. रविवारी दुपारी मी पातेलं गॅसवर ठेवलं. पाण्याला आधण आलं तशा सासूबाई आत आल्या, त्यात साखर आणि चहापत्ती टाकली आणि बाहेर जाऊन बसल्या. त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

सोमवारी तिन्ही हिरव्या बरण्या टेबलावर मांडल्या आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : प्रयोग फसला. कारण, बरण्या रोज दुपारभर सावलीत होत्या, झाकणं उघडी होती आणि वरून पाणी मिळत होतं.

परीक्षक थांबले. माझ्या वर्गातल्या मुलीला विचारलं, "मग निष्कर्ष काय?"

"सर, शुक्राला रोज उचलून सावलीत ठेवलं तर मेथी येते."

"आणि उचलणार कोण?"

"तीच तर अडचण आहे, सर."

ते हसले, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे दुसऱ्या शाळेचा ज्वालामुखी होता. पहिला नंबर त्यालाच मिळाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी नंबर विचारला. नाही आला म्हटल्यावर म्हणाल्या, "मेथी तर झाक हुती." रात्री तिन्ही ग्रह वरणात पडले.

पुढच्या वर्षीचा ज्वालामुखी मी रंगवला. बोलले होते. पण त्याआधी, जानेवारीतच, प्रयोग पुन्हा लावला. शुक्र शाळेच्या पत्र्यावर, मंगळ दूध डेअरीच्या फ्रीजमध्ये, पृथ्वी वर्गाच्या खिडकीत. झाकणांवर चिकटपट्टी, शिडी कुलपात, किल्ली माझ्या पर्समध्ये. दहाव्या दिवशी दोन्ही बरण्या मेल्या. वर्गाने बघितलं, वहीत उतरवून घेतलं.

घरी सांगितलेलं नाही.