पुसलेली भेग

आमच्या आत्याला म्हणे एका पियानोवाल्याने फसवलं, आणि ती त्याची जुनी पत्रं भिंगातून वाचत आसवं गाळते. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. "बाई गं, पान पिवळं, डोळे लाल!"

काकू, ते डोळ्यांतले थेंब औषधाचे. आणि पत्रं नव्हेत, पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या एका जुन्या रचनेची छापील पानं. प्रती दोन, दोन्ही रचनाकार हयात असतानाच्या. एक आत्याची, दुसरी वाचनालयाची. फरक एकच: बेचाळिसाव्या पानावर वाचनालयाच्या प्रतीत एका सुराआधी शार्पची, म्हणजे सूर अर्ध्याने चढवायची, खूण आहे, आत्याच्या प्रतीत नाही. खूण खरी की चूक, यात अकरा वर्षं गेली. घरात पियानोच नाही, हे वेगळं.

तेव्हा ही पानं धातूच्या पत्र्यावर कोरून छापत. पत्र्याला भेग पडली की ती कागदावर उमटते, आणि दर छपाईत वाढते. म्हणून आत्या सूर कमी, भेगाच जास्त बघायची. तिच्या प्रतीत त्या पानावर नखाएवढी भेग. वाचनालयाच्या प्रतीच्या फोटोत भेगच नाही. "थांब हं, थांब हं," ती म्हणायची (मला ही नक्कल झोपेतही करता येते), "भेग नाही, म्हणजे पत्रा नवा. पत्रा नवा, म्हणजे ही प्रत नंतरची. म्हणजे खूण रचनाकारानेच मागून घातली!" यावर तिची सदतीस पानांची प्रस्तावना, आणि पुढे खुणेसकट ती रचना. प्रकाशकाने पुस्तक घेतलं, पुढच्या आठवड्यात छपाई.

फोटोच का? कारण ग्रंथपाल दरवर्षी नाकातून म्हणायचे, "मूऽऽळ प्रत मिळणार नाही." यंदा ते निवृत्त झाले आणि नव्या बाईंनी मूळ प्रत सरळ टेबलावर ठेवली.

आत्या दुपारी घरी आली ती चप्पल न काढताच. तिथल्या पानावरून पारदर्शक कागदावर उतरवलेली रेघ तिने आपल्या पानावर ठेवली. वाचनालयाच्या प्रतीतही भेग होती. तांदळाच्या दाण्याएवढी. फोटो काढणाऱ्याने डाग समजून फोटोतून पुसली होती.

"लहान आहे," आत्या म्हणाली. "म्हणजे ती प्रत आधीची. खूण आधी होती, मग काढून टाकली. चूकच होती ती."

बाबा म्हणाले, "ताई, कुणाला कळतंय? एवढीशी तर खूण."

"एवढीशी? अरे, अकरा वर्षं मी तिच्यावरच बसलेय."

तिच्यापुढच्या चहावर साय धरली. मला वाटलं, झाकली मूठ. मी म्हटलं, "आत्या, तू काही प्रकाशकाला कळवत नाहीस."

"पैज?"

"पैज. जिंकेल तो सांगेल ते."

तिने कागद ओढला. चार ओळी लिहिल्या: खूण चुकीची आहे, प्रस्तावना रद्द समजावी, पुस्तक छापू नये. दुसरं पुस्तक लिहायला तिच्याकडे ना वर्षं उरलीत, ना डोळे. तिने पाकीट चिकटवलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"हरलीस. जा, टाकून ये. माझ्याच्याने उठवत नाही."