बाळाक्काच्या कट्ट्यावरची चकली

शहापूरच्या त्या बोळात चकलीचं नाव निघालं की बाळाक्काचंच निघायचं. समोरच्या दारातल्या सुनंदाला ते लग्न होऊन आल्यापासनं घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचत होतं. तिची चकली लोक खायचे, "बरी हाय" म्हणायचे आणि हात पुसत बाळाक्काच्या दाराकडं वळायचे.

यंदा श्रावणात बाळाक्काचे मालक, शामूअण्णा, गेले. दुखवट्याच्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. फराळ शेजारपाजाऱ्यांनी द्यायचा. सुनंदा रडली, अगदी मनापासून रडली. पण डोळे पुसता पुसता आतनं कुणीतरी हळूच म्हणालं, 'यंदा चकलीला तूच गं बाई!' मनाला काय, लाज थोडीच असते!

झालं भलतंच. दिवाळीला शेजारचे डबे आले तशी बाळाक्का कट्ट्यावर येऊन बसली.

"मला तळायचं न्हाय. पर चाखायला कुणाची बंदी हाय?"

मग एकेक चकली कानाजवळ धरून मोडायची आणि निकाल द्यायचा.

"नागुबाई, मोहन कमी पडलं गं."

"भैरवी, भाजणी भाजलीस का नुसती उन्हात ठेवलीस?"

हसून हसून बायकांची पुरेवाट. पाडव्यापर्यंत सगळा बोळ त्या कट्ट्यावर. सुनंदाच्या दारात रांगोळी आणि एक मांजर.

"दुखवट्यात सुद्धा हिचाच दरबार!" सुनंदा मांजराला म्हणाली. तिनं मुद्दामच डबा धाडला नव्हता. पण पाडव्याला काही राहवेना. डबा पदराखाली घेऊन गेलीच.

बाळाक्कानं चकली कानाजवळ धरली, मोडली. आवाजच नाही.

"मऊ हाय," बाळाक्का म्हणाली.

सुनंदाचं तोंड एवढंसं झालं.

"दर साली अशीच असती. दात पडल्यापासनं आमचे हे माझ्या चकलीला शिवायचे न्हाईत, कडक लागायची. तुझा डबा आला की तेवढा उशाला लपवायचे. लई जळायची मी तुझ्यावर."

"माझ्यावर?"

"मग काय मांजरावर?"

बाळाक्का उठली आणि तो डबा आत अण्णांच्या फोटोपुढं ठेवून आली. सुनंदाचे डोळे भरले. ती तिथंच कट्ट्यावर टेकली.

"आक्का," ती नाक ओढत म्हणाली, "हे जरा मोठ्यानं सांग की. नागुबाईला ऐकू आलं न्हाय."