जपानकाकांच्या नोटा

“जुन्या असल्या म्हणून काय झालं? भाच्यानं तोक्योच्या बँकेत सगळ्या बदलून घेतल्या. हे घड्याळ त्यातलंच!” बाहेरच्या खोलीत जपानकाका पाहुण्यांना मनगट दाखवत होते. चहाचा ट्रे घेऊन मी दारातच थांबले.

इथे आखातात, सबाह अल-सालेममध्ये, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मीना अब्दुल्ला भागातल्या एका रिफायनरीत इंजिनिअर होते. तरुणपणी ट्रेनिंगसाठी दोन वर्षं जपानला काय राहिले, जन्मभराचे जपानकाका झाले. लवकर पोचले तर बेल न वाजवता जिन्यातच उभे राहायचे. आई दार उघडून म्हणायची, “अहो भाऊजी, आत या की!”

“अजून चार मिनिटं आहेत, वहिनी.”

मी घरातही इंग्रजीतच उत्तरं द्यायचे, पाहुण्यांसमोर तर तीही नाहीत. काका म्हणायचे, “सावकाश बोल. मी कुठे पळतोय?” मराठीत पूर्ण वाक्यं मी सगळ्यात आधी त्यांच्याशी बोलले.

दर वाढदिवसाला ते मला दहा हजार येनची एक जुनी नोट द्यायचे. पांढऱ्या पाकिटात, दोन्ही हातांनी, किंचित वाकून. “जपानला शिकायला जाशील तेव्हा खर्च कर. तोवर घडी घालायची नाही हं.” मी त्या ॲटलासमध्ये ठेवायचे.

गेल्या वर्षी ओसाकातल्या भाषेच्या कोर्सला मला प्रवेश मिळाला. तिथलं पहिलं भाडं त्या नोटांतून द्यायचं ठरवलं होतं. काका मला मनी एक्स्चेंजवर घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं नोट उलटसुलट करून परत सरकवली. “ये नहीं चलेगा, मॅडम. बहुत पुराना है.”

गाडीत काका म्हणाले, “आपल्याकडच्या जुन्या पाचशेच्या नोटांचं झालं, तेच गं. रद्दी! माझ्याकडे दे, आठवण म्हणून ठेवतो.” त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझंच दुःख मला लहान वाटलं. सगळ्या नोटा मी त्यांना दिल्या, दोन्ही हातांनी. कोर्स वर्षभर पुढे ढकलला.

आणि आज, कायमचं नाशिकला जाण्याआधी, ते आमच्याकडे शेवटच्या चहाला आले होते.

मी दिसताच त्यांनी शर्टाची बाही घड्याळावर ओढली. “काय गं, कधीची उभी आहेस?”

मी ट्रे टेबलावर ठेवला.

“काका, तुम्ही नुसत्या मागितल्या असत्यात, तरी मी दिल्या असत्या.”