खरवडायचा राहिलेला रंग

माझ्या थोरल्या भावाला मी त्याच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. त्याचे डोळे ठणठणीत होते. दोन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दादा निवृत्त झाला आणि त्याने एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. बदलापुरात, कात्रपच्या त्याच्या सोसायटीमागे ती उभी करून तिचं मोटरहोम करायला घेतलं. झोपायचे बाक, ओटा, पाण्याची टाकी, सगळं स्वतःच्या हातांनी. छताला आतून प्लायवुडच्या फळ्या, त्यांना पॉलिशचे चार हात. वहिनीला घेऊन कोकणात उतरायचं आणि वाटेल तिथे मुक्काम करत किनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं, एवढंच त्याचं मागणं. वहिनीला गाडी लागते, तरी तिने प्रवासासाठी वेगळा छोटा कुकर आणून ठेवला होता.

वायरिंग माझ्याकडे आलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. बारा व्होल्टचे दिवे माझ्यासाठी पोरखेळ. गाडीत दिव्यांची परतीची तार पत्र्यालाच जोडतात, तिला अर्थिंग म्हणतात. पत्र्यावरचा रंग खरवडायचा, खाली लख्ख धातू दिसला की तिथे तार आवळायची. त्या दुपारी पत्रा नुसता तापला होता, मला घरी जायचं होतं. मी रंगावरूनच स्क्रू मारला. दिवे लागले.

"रंग खरवडलास ना रे?" फळी हातात धरून दादाने विचारलं.

"आता तू मला शिकव," मी म्हणालो.

तो हसला आणि त्याने फळी लावून टाकली.

महिन्याभरात तो म्हणू लागला, गाडी चालली की मागच्या छताचे दिवे आरशात लुकलुकतात. उभ्या गाडीत मी दोनदा तपासलं, दिवे स्थिर. वहिनी गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची, ती काय सांगणार? शेवटी एका संध्याकाळी त्याने मला मागे बसवलं आणि गाडी कर्जतच्या रस्त्याला काढली. पहिल्याच खड्ड्याला माझ्या डोक्यावरचे सगळे दिवे विझले, लागले, पुन्हा विझले. माझ्या लगेच लक्षात आलं. रंगावरचा स्क्रू हलत होता.

"आत्ता! आत्ता बघितलंस ना?" दादा पुढून ओरडला.

मी वर पाहिलं. त्याच्या फळ्या, ते पॉलिश. ते खोललं की खालचा रंग दिसणार होता, आणि माझं खोटंही.

"कुठे काय?" मी म्हणालो. "शुगर कधी तपासलीस शेवटची?"

एवढंच बोललो. पुढचं सगळं त्याचं त्यानेच केलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत, साखर थोडी वर आहे, जपा. दादाने त्यातलं शेवटचं तेवढं धरलं. "डॉक्टर काय, एकदा बघून सांगतात," तो वहिनीला म्हणाला, "हा तर गाडीत बसून सांगतोय." आधी त्याने गाडी चालवणं सोडलं, मग स्कूटर. मग एक दिवस मोटरहोम उल्हासनगरच्या एका सिंधी फर्निचरवाल्याला विकून टाकलं. "उद्या कुणाच्या पोराच्या अंगावर घालीन," म्हणाला. मी मान हलवली. नुसती मान हलवली.

दोन वर्षांनी त्या शेठचा मला फोन आला; गाडी विकताना दादानेच त्याला वायरिंगसाठी माझा नंबर दिला होता. "साईं, गाडी एक नंबर है, पर लाइट डिस्को करती है."

मी गेलो. चार फळ्या खोलल्या, रंग खरवडला, तार नव्या बोल्टने आवळली. पाऊण तास लागला. शेठने गाडी खड्ड्यांतून फिरवून आणली आणि पाठीवर थाप मारली, "उस्ताद आदमी हो!" मला तिथे उभं राहवेना. तसाच रिक्षा करून विठ्ठलवाडी स्टेशन गाठलं आणि कात्रपला गेलो.

दादा गॅलरीत बसला होता. मी चप्पल काढायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. स्क्रू, कर्जतचा रस्ता, सगळं.

तो म्हणाला, "म्हणजे दिवेच लुकलुकत होते."

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी शिव्या घातल्या असत्या. दुसरं काय केलं असतं रे मी?"

दाराशी उभी असलेली वहिनी म्हणाली, "भावजी, दोन वर्षं यांना हात धरून रस्ता ओलांडवतेय मी."

दादा उठून आत आला. खोलीच्या या टोकाला उभा राहून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचायला लागला. तिथी, नक्षत्र, खालची बारीक अक्षरंसुद्धा. एकही चूक नाही. वाचता वाचता त्याचा आवाज फुटला, तरी तो थांबेना. वहिनीनेच त्याला धरून बसवलं आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही निघा आता."

त्याला चार महिने झाले. दर रविवारी सकाळी अकराला मी फोन करतो. वहिनी उचलते. "झोपलेत," म्हणते. मागून त्याच्या खोकल्याचा आवाज येत असतो. बरं, म्हणून मी फोन ठेवतो.