सवतीचा टाक

आज दुपारी लेकीच्या लग्नासाठी पणजीचे दागिने काढले. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाचे. लेकीने काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक गळ्यात घातला. त्यावर एका बाईचा ठसा होता.

वरवट बकालहून आलेली आत्या ओरडली, "काढ वं पोरी! सवत हाय ते."

पणजी दुसरेपणाची. मेलेल्या पहिलीचा कोप होऊ नये म्हणून तिचा टाक जन्मभर गळ्यात बाळगायची. नवं लुगडं आधी त्याला दाखवायची, मग नेसायची.

लेक हसली. आत्या हसली नाही. तिने लेकीलाच विचारलं,

"तुहा होनारा नवराही बिजवरच ना? त्याच्या पहिलीचा टाक केला का?"

"अंधश्रद्धा आहे ही," मी म्हणाले. पण टाक मीच तिच्या गळ्यातून काढला.

संध्याकाळी लेकीने हळूच विचारलं, "आई, टाकासाठी तिचा फोटो मागू का त्यांना?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?